मधल्या गोगलगाई

गयामावशी, आधी कबूल करते आणि मग बाकीचं बोलते. मी खोटं बोलले. दोनदा तुमच्या तोंडावर आणि एकदा तुमच्या देखत तुमच्याविषयी. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तुम्ही होता तेव्हा हे सांगायला माझ्याकडे दहा वर्षं होती, सेनगावहून गोरेगावला जाणाऱ्या जीपा रोज होत्या, आणि तुमच्या दारात मला कधी कुणी अडवलं नव्हतं. तरी माझी जीभ हलली नाही. आता तुम्हाला ऐकू येणार नाही म्हटल्यावर तोंड उघडलंय. काय पण शूर बाई मी!

हे कुठं छापून आलं तर वाचणाऱ्यांना तुम्ही माहीत नसणार, म्हणून थोडं सांगावं लागेल. तुम्ही गोरेगावच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखायच्या. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. आमच्या भागात खालीवर सगळा काळा दगड, लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. पण त्या थरांच्या मधे कुठं कुठं हातभर जाडीचा पांढुरका पट्टा सापडतो. एक लाव्हा निवला, त्याच्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगाई नांदल्या, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. त्या गोगलगाई दगड होऊन तिथंच राहिल्या, साडेसहा कोटी वर्षं. तुमच्या माळावरच्या ओघळीत असा पट्टा आहे. तिथली पोरं त्या दगडी गोगलगाई गोट्यांसारख्या खेळायची आणि तुम्ही त्यांना शंखुले म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी भर उन्हात ओघळीत गुडघ्यावर बसले होते. हातात हातोडी, तोंड लालबुंद. तुम्ही वरून हाक मारलीत, "ओ म्याडम, काय हरवलं?"

"काही नाही. दगड बघते."

"दगडं काय हरवत्यात व्हय? सोन्याचा डाग पडला आसंल तर सांगून टाका. मी काय घेत न्हाई."

मला राग आला होता, खरं सांगते. त्या काळात मला सगळ्याचाच राग यायचा. नोकरी कायम झालेली नव्हती, डॉक्टरेटचं घोडं अडलं होतं, आणि विद्यापीठातले माझे सर दर महिन्याला विचारायचे, "नवीन काय सापडलं?" तुम्ही खाली उतरलात, माझ्या डोक्यावर तुमचा ओला फडका टाकलात आणि माझ्या पिशवीतले नमुने एक एक करून चाचपायला लागलात. मी म्हणणार होते की हात लावू नका. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ह्या समद्या डावऱ्या हायत. काहून वो?"

मी गारच पडले. गोगलगाईचं टोक वर धरलं तर तिचं तोंड बहुधा उजवीकडे असतं. या दगडातल्यांचं डावीकडे. हे मला पुस्तकानं सांगितलं होतं, आणि वर्गात ते समजावून सांगायला माझा अख्खा तास जायचा. तुम्हाला शेतातल्या बांधावरच्या गोगलगाई ठाऊक होत्या, तेवढंच पुरलं. त्या दिवशी तुमच्या भाकरीतली अर्धी मी खाल्ली आणि परतताना जीपमध्ये मी स्वतःशीच हसत होते. किती दिवसांनी हसले होते मी.

मग तीन वर्षं मी येत राहिले. तुम्ही मला ओघळी दाखवल्यात, विहिरीच्या कामातून निघालेले ढिगारे दाखवलेत, मेंढरांमागं हिंडता हिंडता घोंगडीच्या कोपऱ्यात माझ्यासाठी गोगलगाई बांधून आणल्यात. तुमच्यामुळं माझ्याकडे इतका माल जमला की दुसऱ्या कुणाकडे नसेल. आणि त्यातूनच माझी हाव सुरू झाली.

त्या ढिगात मला दोन तऱ्हा दिसल्या. एक मोठी, पसरट तोंडाची. ती जुनीच होती, इंग्रजांच्या वेळी कुण्या साहेबानं तिला नाव दिलेलं. दुसरी बारकी, सडपातळ, चिंचोळ्या तोंडाची. तिला नाव नव्हतं. मी सरांना दाखवली. सरांनी भिंगाखाली बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "नवी जात दिसतेय ही." झालं. मी हवेतच. त्या दिवसापासून मला दोनच गठ्ठे हवे होते, मोठ्यांचा आणि बारक्यांचा. ज्या ना धड मोठ्या ना धड बारक्या, त्या मला अडचणीच्या वाटायला लागल्या. त्यांची तोंडं बहुतेक मोडलेली असायची, मापं नीट घेता यायची नाहीत. म्हणजे मी स्वतःला तसं सांगायचे.

"मधल्या नकोत, मावशी. टाकून द्या त्या."

"काहून टाकून राहिल्या? मधल्या टाकल्या तर माय-लेकरू कसं जुळंल?"

"कसली माय आणि कसलं लेकरू? या दोन निराळ्या जाती आहेत."

"न्हाई वो म्याडम. हे त्याचं लेकरू हाय."

मी तुम्हाला समजावून सांगितलं. कशी हिची चण बारीक आहे, कसं हिचं तोंड अरुंद आहे. आवाज वर्गातला होता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लेकराचं तोंड बारीकच आसतंय की. तुमी काय जलमल्यापासून येवढ्याच हुता काय?" तुमची सून शांता तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र ते झोंबलं. मी म्हटलं, "मावशी, हे मेंढरांचं काम नाही." तुम्ही म्हणालात, "बराबर हाय. मेंढराचंच काम अवघड आसतंय."

त्या संध्याकाळी तुम्ही मला थांबवून घेतलंत. कळप परत आला. दिवसभर वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं बाहेर सुटली आणि असा काही कालवा झाला की कान बधिर व्हावेत. तुम्ही मधे उभ्या. कोकरू उचलायचं, एकदा बघायचं, आणि नेमकं त्याच्या आईला नेऊन लावायचं. एक पांढरं कोकरू तुम्ही काळ्या मेंढीला लावलंत. मी म्हटलं, "चुकलं की हो." मेंढीनं त्याला हुंगलं आणि उभी राहिली, कोकरानं शेपूट हलवत तोंड लावलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणालात, "रंगावर काय जाता? पाय बघा, चाल बघा. आन मधलं रूप ध्यानात ठिवा. काल कसं हुतं, आज कसं हाय."

मग घोंगडी अंथरलीत आणि माझ्या पिशवीतल्या, तुम्ही कोपऱ्यात बांधलेल्या, सगळ्या गोगलगाई तिच्यावर ओतल्यात. अंधार पडायच्या आत एक ओळ लावलीत, ज्वारीच्या दाण्याएवढीपासून अंगठ्याएवढीपर्यंत. बारकी, जरा मोठी, तिच्याहून जरा मोठी. तोंड हळूहळू पसरट होत गेलेलं. ती ओळ इतकी सरळ होती की कुठल्याही विद्यार्थ्याला कळली असती. मला कळत नव्हतं असं नाही, मला ती बघायचीच नव्हती. मी घड्याळ बघितलं, शेवटची जीप चुकेल म्हटलं, आणि ओळीच्या दोन्ही टोकांकडून मूठ मूठ उचलून पिशवीत टाकल्या. मधल्या घोंगडीवर तशाच राहिल्या.

इथपर्यंत अज्ञान म्हणता आलं असतं. अहंकार म्हणता आला असता, आणि अहंकार काय, शिकलेल्या माणसाला शोभून दिसतो. पुढचं शोभणारं नाही.

माझा लेख छापायला गेला. नव्या गोगलगाईला मी सरांचं नाव दिलं होतं, त्यांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून. सरांनी माझ्या नोकरीसाठी वरपर्यंत शब्द टाकला होता. छपाईआधी तपासायला कागद आले, त्याच आठवड्यात तुम्ही मला मेंढ्याचं एक शिंग दिलंत. तुमचा म्हातारा मेंढा गेला होता, त्याचं. "हे न्या," म्हणालात. "ह्याचं टोक बघा. हे टोक म्हंजी त्याचं कोकरूपन. ते कुटं जात न्हाई, त्याच्याच फुडं वाढत जातंय. तुमच्या त्या मोठ्या शंखुल्याचं टोक फोडून बघा एकडाव. आत हे बारकं बसलेलं घावंल."

मावशी, तुम्ही शाळेची पायरी चढला नव्हता. आणि तुम्ही जे सांगितलंत ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. गोगलगाय जुनं घर टाकून नवं बांधत नाही, त्याच घराला पुढं खोली जोडत जाते. तिचं बाळपण तिच्या टोकाशी जपलेलं असतं. आमच्या मोठ्या नमुन्यांची टोकं झिजलेली असत म्हणून वरून दिसत नव्हतं. आत बघायला हवं होतं, एवढंच.

मी बघितलं. हेच तर सांगायचंय. दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सगळे गेल्यावर, एक चांगली मोठी गोगलगाय घेतली आणि काचेवर भुकटी टाकून उभी घासत गेले. दोन तास लागले. अर्धी घासून झाली, पाण्यानं धुतली आणि भिंगाखाली धरली. टोकाशी माझी नवी जात बसली होती. तीच चण, तेच चिंचोळं तोंड, वेढ्याला वेढा. अंगठ्याएवढ्या आईच्या पोटात ज्वारीएवढं लेकरू.

तपासायचे कागद टेबलावर पडले होते. त्याच संध्याकाळी तार करता आली असती, की थांबा, छापू नका. मी ती घासलेली अर्धी गोगलगाय एका काड्यापेटीत ठेवली, काड्यापेटी लोखंडी कपाटात, वरच्या खणात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागं. मग बसून कागद तपासले. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि पाकीट पोस्टात टाकलं.

लेख आला. नोकरी कायम झाली. लेखाच्या सुट्या प्रती आल्या, त्यातली एक घेऊन मी तुमच्याकडे आले. का आले? मिरवायलाच की. तुम्ही हात धुतलेत, पदराला पुसलेत, ती पातळशी प्रत दोन्ही हातांनी घेतलीत आणि कपाळाला लावलीत. आत सगळं इंग्रजी. तुम्ही चित्रांवरून बोट फिरवलंत. बारकीचं चित्र ओळखलंत. मग विचारलंत, "माझं म्हननं लिवलं नव्हं? माय-लेकराचं?"

"हो मावशी. लिहिलं."

इतकं सहज निघालं तोंडातून, मलाच नवल वाटलं. तुम्ही शांताला हाक मारलीत. शेजारणीला हाक मारलीत. "माझं म्हननं बुकात आलं," म्हणालात. प्रत खणाच्या कापडात बांधून ट्रंकेत ठेवलीत. मी चहा पिऊन निघाले. जीपमध्ये मी उगाचच ड्रायव्हरला फाडफाड बोलले की गाडी नीट चालव.

दुसरं खोटं हिंगोली जिल्हा झाला त्या सालचं. गावात नुसती धामधूम होती, नव्या ऑफिसांच्या पाट्या रंगत होत्या. आमच्या कॉलेजात माझा सत्कार ठेवला होता आणि सर पाहुणे म्हणून आले होते. शाल, नारळ झाला. व्हरांड्यात सरांबरोबर चहा घेत उभी होते तर समोरून तुम्ही. खांद्यावर घोंगडी, हातात डालड्याचा डबा. शिपायानं अडवलं तर त्याला म्हणालात, "म्याडम माझीच हाय." डब्यात काय असणार ते मला लगेच कळलं. मधल्या. तुम्ही त्या टाकल्याच नव्हत्या.

सरांनी विचारलं, "या कोण?"

मी म्हटलं, "या होय? घोंगड्या विकायला येतात अधूनमधून."

तुम्ही तीन हातांवर होता. ऐकू गेलं तुम्हाला. मी तुमच्याकडे बघायचं टाळलं, पण कान कसे बंद करणार? तुम्ही डबा घोंगडीखाली सारलात आणि सरांना नमस्कार करून म्हणालात, "व्हय साहेब. आज इकायला न्हाईत, आर्डर घ्यायला आले." वर हसलात. सर म्हणाले, "मला एक काळी पाठवा." तुम्ही म्हणालात, "पाठवते की."

आणि पाठवलीत! महिन्याभरानं जीपवाल्याकडे एक काळीभोर घोंगडी आली, वर निरोप, "साहेबाला द्या." मी ती सरांना दिली. सर अजून पांघरतात. माझं खोटं तुम्ही खरं करून टाकलंत, मला तोंडघशी पडू दिलं नाहीत. त्या घोंगडीचा विचार आला की मला अजून कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर माझं येणं कमी झालं. कामं आहेत, पेपर तपासायचेत, पाय दुखतो. तुम्ही निरोप धाडायच्या, "म्याडमला म्हनावं डबा भरला." मी म्हणायचे येते, येते. वर्षाकाठी एकदा यायचे आणि डब्याची गोष्ट निघायच्या आत निघायचे.

मागच्या थंडीत आले तेव्हा तुम्ही खाटेवर होता. दम लागत होता. कळप निम्म्यावर आला होता, तो तुमचा मुलगा बघत होता. तुम्ही मला उशाशी बसवलंत. इकडचं तिकडचं झालं आणि मग अगदी सावकाश विचारलंत, "ते माय-लेकराचं... लिवलं नव्हं?"

मी म्हटलं, "हो की मावशी. तेव्हाच नाही का लिहिलं?"

तुम्ही म्हणालात, "बरं. चहा पी." इतकी वर्षं 'तुमी' म्हणायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आलात. मला किती बरं वाटलं! वाटलं, मावशींनी लेकीत जमा केलं. दोन कप चहा प्याले मी.

तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तेराव्याला आले. जेवणं झाली, बायका भांड्यांपाशी गेल्या, आणि तुमची नात मंगल माझ्यापाशी येऊन बसली. यंदा अकरावी सायन्सला आहे. माझ्याच कॉलेजात यायचं म्हणते, तिला म्हणावं अजून नीट विचार कर. तिच्या हातात खणाचं कापड होतं.

"मॅडम, राग येणार नसंल तर एक विचारू?"

"विचार."

"याच्यात आजीचं नाव कुठंय?"

मी काहीतरी बोलायला गेले, की शास्त्रीय लेखात असं नसतं, की आभाराचा भाग वेगळा असतो. तिनं मला थांबवलं. फार हळू बोलत होती पोरगी, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाली, "मी नववीत होते तेव्हा आजीनं मला हे वाचायला लावलं. डिक्शनरी घेऊन. चार दिवस लागले. आजीचं नाव न्हाई. ते लेकराचंबी न्हाई. उलटं लिहिलंय, की ही जात निराळीच हाय म्हणून."

"मग? आजी काय म्हणाल्या?"

"आजी म्हनली, म्याडमला बोलू नको. तिला शरम वाटंल. तिचं तिला सांगू दे."

नववीत. म्हणजे दोन वर्षांपूर्वी. म्हणजे त्या थंडीत तुम्ही खाटेवरून विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. तुम्ही मला विचारत नव्हता, मावशी. दार उघडून धरलं होतंत. मी दारातून आत आले नाही, वर दोन कप चहा पिऊन गेले.

मी रागावले आहे तुमच्यावर. हो, तुमच्यावर! इतकं समजून कशाला घ्यायचं माणसाला? एकदा तरी कडाकडा भांडायचं होतंत. ट्रंकेतून ती प्रत काढून माझ्या अंगावर फेकायची होती. शेळी बांधावर गेली तर तिला तुम्ही काठीनं हाणायच्या, आणि मी तुमच्या डोळ्यांदेखत इतकी बहकले तर मला चहा? त्या मारानं मी सुधारले असते की नाही, माहीत नाही. पण तुम्हाला दुखलंय हे तरी कळलं असतं. ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत, आणि आता विचारायची सोय नाही.

मंगलनं डबा काढला. तुम्ही तो शेवटपर्यंत भरत होता म्हणे. पाय थकल्यावर गुराख्यांकडून आणवायच्या. तिनं अंगणात तुमचीच घोंगडी टाकली आणि ओळ लावायला बसली, कुणी शिकवल्यासारखी. तुम्हीच शिकवलं असणार. डब्यातल्या एकेचाळीस निघाल्या. काही तुटक्या, काही मातीनं भरलेल्या, पण कुठं फट नाही. मी माझ्या पिशवीत कायम असणारी माझ्या जातीची एक काढून दिली. ती तिनं डावीकडून सहाव्या जागी ठेवली. चपखल बसली.

"तुमची जात कुठून कुठपर्यंत, मॅडम?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओळीवर बोट ठेवायला गेले. पाचवीवर ठेवलं, मग नववीवर नेलं, मग उचललं. सांगता येईना. तिथं दुसरी जात नव्हतीच, एक वाढणारं जनावर होतं.

त्या आठवड्यात मी सरांना फोन केला. दहा वर्षं मी या फोनला भीत होते. सगळं सांगितलं, काड्यापेटीसकट, घोंगडीसकट. सर आता थकलेत, जरा मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळं मला माझी लाज ओरडून सांगावी लागली. ते म्हणाले, "नाव गेलं तर गेलं. मला काय त्याचं लोणचं घालायचंय? पण बाई, त्या घोंगडीवाल्या बाईंना तू माझ्याशी बोलू द्यायला हवं होतंस." आणि फोन ठेवला. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी तुम्हाला व्हरांड्यात उभं केलं.

मग लेख लिहायला बसले. आमच्यात नियम असा की एकाच जनावराला दोन नावं पडली तर जुनं टिकतं, नवं मिटतं. तर मी दिलेलं नाव मिटवायला मीच अर्ज करायचा. एकेचाळीस नमुन्यांची मापं घेतली, ओळीचा फोटो काढला, काड्यापेटीतली अर्धी गोगलगाय बाहेर काढली. लिहिलं की सर्व नवे नमुने गयाबाई या मेंढपाळ बाईंनी जमवले, आणि बारकी ही मोठीचंच पिलू आहे हे म्हणणं प्रथम त्यांचं, शिंगाच्या दाखल्यासह. पहिल्यांदा तुमचं पूर्ण नाव लिहायला गेले तेव्हा कळलं की मला ते ठाऊकच नाही. शांताला फोन करून विचारावं लागलं.

पाकीट बंद करायच्या आधी गोरेगावला आले. कागद मंगलकडे दिले. ती तुमच्या उंबऱ्यावर बसली, मांडीवर डिक्शनरी. मी समोरच्या दगडावर बसून राहिले, परीक्षेला बसल्यासारखी. कळप परत आला, कोकरं सुटली, तुमचा मुलगा, मंगलचा काका, एकेक आईला लावत होता. दोनदा चुकला. मंगलनं तुमच्या नावाशी थांबून ते बोटानं दोनदा वाचलं. मला वाटलं सुटले.

शेवटच्या पानावरून तिनं मान वर केली. "मॅडम, असं वाचून वाटतंय की हे तुम्हाला आत्ताच कळलं. नवीन नमुने सापडले म्हणून. तुम्हाला दहा वर्षं माहीत होतं, ते कुठं लिहिलंय?"

तुमचीच नात. तेच डोळे, तीच सावकाश बोलायची तऱ्हा. मी म्हणाले, असं लिहायची पद्धत नसते. तिनं कागद नीट जुळवले, माझ्यापुढं धरले आणि आत वळून म्हणाली, "चहा ठेवते."

मी चहा घेतला नाही. तिथंच दगडावर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून, पेननं शेवटी तीन ओळी घातल्या. की हा छेद मी मूळ लेख छापून येण्याच्या आधीच घासून पाहिला होता. की त्यात काय दिसतं ते मला तेव्हाच कळलं होतं. की मी ते लपवलं. अक्षर घाणेरडं आलंय. मंगलनं ते वाचलं, एक शब्द डिक्शनरीत बघितला आणि मान हलवली. मंगळवारी सकाळी हिंगोलीच्या पोस्टात पाकीट टाकलं. छापतील की नाही, छापून आल्यावर कॉलेजात माझं काय होईल, देव जाणे.

आता तुम्ही पुन्हा विचाराल, "लिवलं नव्हं?" लिहिलं, मावशी. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मंगलनं वाचलंय, तिला विचारा.